नाव न घेण्याची रीत

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं त्याच्या मुळाशी मधुकर सोनटक्के हा एक माणूस आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले आमचे मधुकाका. नात्याने ते माझे कोणी नाहीत. वडील डोंगरगडला रेल्वेच्या रुळांवर काम करायचे, घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि बारावीनंतर ओळखीच्या ओळखीतून वडिलांनी मला ज्यांच्या दारात नेऊन उभं केलं ते काका. एका खासगी कॉलेजचं ग्रंथालय ते सांभाळत. त्यांनी वडिलांच्या हातातली माझी पिशवी घेतली आणि म्हणाले, "पोट्टा राहील इथं. तुम्ही गाडी पकडा, नाहीतर उद्याची ड्युटी बुडन."

एवढंच. त्यांच्या वरच्या खोलीत मी राहिलो, त्यांच्या ग्रंथालयात वाचलं, त्यांच्या ताटाशेजारी जेवलो आणि पदवीधर झालो. माझी शाळा हिंदी. मराठी फक्त आईशी बोलण्यापुरती होती. काकांनी मला मराठी लिहायला बसवलं तेही पत्रापासून. मायना कसा, मजकूर कसा, शेवट कसा. "पत्र लिहिता आलं का मग माणसाले काहीही लिहिता येते," असं ते म्हणायचे.

आज हे लिहायला बसलो याचं कारण म्हणजे पुन्हा धानाचे दिवस आले आहेत आणि धानाबरोबर निवडणूकही.

आमच्याकडे हे दोन्ही जोडीने येतं. शहराबाहेरच्या रस्त्यांवरून पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर जातात, त्यांच्या मागे सोनेरी भुसा उडत राहतो आणि शहरातल्या माणसाच्याही शर्टाच्या कॉलरवर येऊन बसतो. देवउठनी एकादशी, म्हणजे आपली कार्तिकी, जवळ येते तसे गोल बाज़ारच्या तोंडाशी उसाचे भारे उभे राहतात. नव्या तांदळाला एक वास असतो, ओलसर, थोडा दुधासारखा. भात शिजत असताना काकू झाकण काढायची आणि आम्हाला हाक मारायच्या आधी स्वतः तो वास घ्यायची. आणि या सगळ्यावरून, दिवसभर, लाउडस्पीकर.

परवा समता कॉलनीत माझ्या घरासमोरून प्रचाराची एक गाडी गेली. देवाचं गाणं, ढोल, मग गर्जना करणारा एक भरदार आवाज, कुठल्या तरी मोठ्या शहरातून भरून आलेला. आपली संस्कृती धोक्यात आहे, जागे व्हा, असं काहीतरी. गाडी वळेपर्यंत मला कळेना की ही कोणाची. झेंडा दिसला तेव्हा कळलं. थोड्या वेळाने दुसरी आली. तसंच गाणं, तसाच ढोल, तसाच आवाज. बायको म्हणाली, "एकच गाडी दोनदा आली काय?" मी म्हणालो, "नाही, ही आपल्या काकांच्या पक्षाची."

पूर्वी आवाजावरून कळायचं. पूर्वी आमच्या वॉर्डात एकच आवाज होता, मितानचा.

मितान म्हणजे काय ते छत्तीसगडबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. इथे दोन माणसं ठरवून, विधी करून मित्र होतात. पाटावर समोरासमोर बसायचं, कपाळाला तांदूळ लावायचे, नारळाची अदलाबदल करायची, थोरांच्या पाया पडायचं. याला मितान बदणं म्हणतात. त्यात जात आड येत नाही, धर्मही आड येत नाही. एकाचे आईवडील दुसऱ्याचे फूलदाई आणि फूलददा होतात. घरातलं लग्न आणि मरण दोन्हीकडचं होतं. आणि एक रीत कडक असते. त्या दिवसापासून एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. भेटलं की म्हणायचं, "सीताराम मितान." समोरचाही तेच म्हणतो. नाव तोंडातून गेलं की नातं गेलं.

काका लहान असताना त्यांच्या आईने त्यांना असा एक मितान बदून दिला होता. तळ्यावर दोघं एकत्र पोहायचे म्हणून. पुढे तो माणूस शहरातला माइकवाला झाला. सायकल रिक्षावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी आणि ॲम्प्लिफायर. गणपतीतली व्याख्यानं, सर्कस, हरवलेली मुलं, वॉर्डातलं मरण, सगळं त्याच्याच आवाजात कळायचं. काकांच्या आई गेल्या तेव्हा ती बातमी पुकारत तोच फिरला. काकू सांगायची, पुकारताना त्याने एकदाही 'सोनटक्के यांच्या मातोश्री' म्हटलं नाही. "मोर फूलदाई" म्हणत फिरला, आणि लोकांना बरोबर कळलं. सुतक त्याने काकांसारखंच पाळलं.

काका त्याला मितान म्हणायचे, काकू मितानभाऊजी, आणि आम्ही सगळे मितानकाका. मी त्या घरात राहून पदवीधर झालो, एका शाळेत शिकवायला लागलो, आणि तोवर मला त्याचं खरं नाव माहीत नव्हतं. विचारावंसं वाटलं नाही. रविवारी सकाळी तो रिक्षा बाहेर काढत नाही एवढंच लक्षात होतं.

काका जुन्या पक्षाचे. त्यांच्या वडिलांपासूनचे. वॉर्डातल्या सभेची सतरंजी अंथरण्यापासून ती झटकून परत गुंडाळण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं होतं. तिकीट मात्र दर वेळी दुसऱ्याला मिळायचं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. बाज़ारातले लोक चहावर म्हणायला लागले, आता आपलं होईल. जुन्या हॉस्पिटलात मंत्रालय भरलं, लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, बाहेरून ठेकेदार आले, धानाच्या शेतांत प्लॉटचे दगड रोवले गेले. पण पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, पदवीधर पोरं नुक्कडावर बसलेलीच राहिली. राग होताच. त्याला पत्ता हवा होता, आणि नव्या पक्षाने तो दिला.

त्या पोरांना मी वाईट म्हणू शकत नाही. त्यातले अर्धे काकांच्या ग्रंथालयात माझ्या शेजारी बसून वाचलेले होते. काकू एकदा जिन्यावरून पडली तेव्हा तिला उचलून दवाखान्यात नेलं ते त्यांनीच. रक्त लागलं तर ते येत, नळाला पाणी आलं नाही तर ते येत. आमच्या जुन्या पक्षाचे मोठे लोक फक्त निवडणुकीला येत. मग ती पोरं म्हणायला लागली की आपलं जे हिरावलं गेलं ते अमक्यांनी हिरावलं, गावागावांत धर्म बदलून राहिले, आपण झोपून राहिलो. ऐकणाऱ्याला ते खरं वाटायचं, कारण सांगणारा रक्त देणारा होता.

अशा त्या धानाच्या दिवसांत, नगर निगमच्या निवडणुकीत, काकांना तिकीट मिळालं. केस पांढरे झाल्यावर. मी पेढे आणायला धावलो. मितानकाकांनी रिक्षा दारात आणून उभी केली, भोंग्यांना झेंडूची माळ घातली आणि काकूला म्हणाले, "भौजी, अब पारा मं तोर घरवाला के नाव गूंजही, फेर मंय नइ लेवंव!" सगळ्या पाऱ्यात तुमच्या नवऱ्याचं नाव दुमदुमेल, पण मी ते घेणार नाही. आणि खरोखरच त्यांनी काकांचा सगळा प्रचार नाव न घेता केला. मजकूर मी लिहायचो. "तुमचे आपले, ग्रंथालयवाले, पांढऱ्या टोपीवाले," असा. गल्लीतले लोक हसायचे. "कोण गा, कोण उभं आहे?" असं मुद्दाम विचारायचे. मितानकाका भोंग्यातून उत्तर द्यायचे, "जानत हव, काबर पूछत हव!" माहीत आहे, तर विचारता कशाला!

पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून एक भैयाजी देखरेखीला आले होते. चांगले कपडे, दोन मोबाइल, बोलणं गोड. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "काका, हवा समझिए. वो मंदिर बोलेंगे तो हम भी मंदिर बोलेंगे. वो यात्रा निकालेंगे तो हम उनसे बड़ी निकालेंगे. मुद्दा उनके हाथ में क्यों छोड़ें?"

काका म्हणाले, "पन आपलं काय? नाली, पाणी, पोट्ट्यांच्या नोकऱ्या?"

"वो भी बोलेंगे. बाद में."

मग पत्रकासाठी काकांचा पूजा करतानाचा फोटो हवा झाला. काका रोज सकाळी पूजा करत, पण दार लोटून. फोटोग्राफर आला तेव्हा ते सोवळं नेसून अवघडून बसले. मला हळूच म्हणाले, "देवापुढं बसलेल्या मानसाचा फोटो काढतात काय बे? देव म्हनंल, हा माझ्याकडे पाहून राहिला का कॅमेऱ्याकडे?" आम्ही दोघं हसलो. फोटो छापून आला. त्यात काका अर्धवट हसतानाच दिसतात. मग यात्राही निघाली, त्यांच्याहून मोठी.

मी पुष्कळ वेळा विचार करतो की कधी थांबायला हवं होतं. त्या फोटोपाशी? यात्रेपाशी? पण प्रत्येक गोष्ट तेवढी छोटीच वाटत होती. पूजा तर ते करतच होते. यात्रेत वाईट काय? जिंकून आलो की आपल्या मनासारखं करू, असं काका म्हणायचे, आणि मी मान हलवायचो, कारण माझा त्यांच्यावर विश्वास होता आणि आजही आहे.

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना एक पत्रक पाऱ्यात फिरलं. त्यावर मितानकाकांचा रिक्षासकट फोटो आणि खाली ठळक अक्षरांत पूर्ण नाव. इमानुएल लाल. आणि प्रश्न, ज्यांचा आवाज हा, ते आपले कसे?

मी ते नाव पहिल्यांदा तिथे वाचलं. खोटं सांगत नाही, मला क्षणभर कळलंच नाही की हे कोणाबद्दल आहे. पाऱ्यातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, त्यांना त्यात काही नवल नव्हतं. पण ज्यांनी त्या माणसाचा आवाज ऐकत बाळपण काढलं ती पोरं चौकात उभं राहून ते नाव असं वाचत होती जणू त्यांनी काहीतरी पकडलं आहे.

भैयाजी तासाभरात हजर. काकांच्या बैठकीत बसून ते म्हणाले, "काका, मेरे मन में कुछ नहीं है. मैं तो मानता हूँ सब एक हैं. पर चुनाव है. आप सभा में एक लाइन बोल दीजिए, बात ख़त्म."

काका म्हणाले, "तो माझा मितान आहे."

"तो घर में रहेंगे न मितान! कौन मना करता है? समझदार आदमी हैं, वो भी समझेंगे."

मी चहाचे कप उचलत होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणावं असं त्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे. ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांना काय बोलायचं हे मी सांगावं, एवढं माझं वय नव्हतं आणि धीरही नव्हता.

सभा चौकात झाली, ऊन उतरल्यावर. मितानकाका नेहमीसारखे मंचाच्या कडेला, ॲम्प्लिफायरजवळ, बिनपाठीच्या लाकडी स्टुलावर. पत्रक त्यांनी वाचलं होतं. सकाळी मला म्हणाले होते, "बने फोटो आए हे." फोटो छान आलाय. तेवढंच.

काका उभे राहिले. नाली, पाणी, नोकऱ्या बोलले. मग खिशातून भैयाजींनी दिलेला कागद काढला. काकांचं हिंदी चांगलं होतं, पण त्या दिवशी ते वाचताना अडखळले. "इमानुएल लाल का हमारे प्रचार से, हमारी पार्टी से, कोई संबंध नहीं है. वे केवल किराए के माइकवाले हैं."

आवाज अगदी खाली आला होता. मागे उभ्या लोकांना काही ऐकू गेलं नाही. ते ओरडले, "आवाज! आवाज!"

आयुष्यभराची सवय असते माणसाच्या हाताला. मागून 'आवाज' अशी हाक आली की मितानकाकांचा हात बटणाकडे जायचा. तसाच गेला. त्यांनी बटण फिरवलं, भोंग्यांतून बारीक शिट्टी आली, ती त्यांनी बसवली. मग काकांकडे वर पाहून म्हणाले, "बोल मितान. अब सुनाही."

आता ऐकू जाईल.

आणि काकांनी ते पुन्हा वाचलं. नावासकट. गोल बाज़ारपर्यंत ऐकू गेलं असेल.

सभा संपल्यावर मितानकाकांनी रोजच्यासारख्या वायरी गुंडाळल्या, भोंगे उतरवून पोत्यात घातले. काका मंचावरून उतरून त्यांच्यापाशी गेले. मी मागे होतो. मितानकाकांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्ते." पुढे काही नाही. रिक्षा काढून गेले. झेंडूची माळ सुकलेली होती, ती भोंग्याबरोबर पोत्यात गेली.

घरी काकूने ताट वाढलं. वाढून झाल्यावर दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुमचं नाव आजवर उखाण्याबाहेर घेतलं नाही. तुम्ही त्यांचं एवढ्या मोठ्यानं घेतलंत. तेही दोनदा." काका जेवले नाहीत. नव्या तांदळाचा भात होता.

निवडणूक काका हरले. ज्यांना ते ऐकायचं होतं त्यांनी मूळ दुकानातूनच माल घेतला. ज्यांना ते ऐकायचं नव्हतं ते घरी बसले. भैयाजींनी कारण शोधलं की आपण उशिरा आणि कमी बोललो, पुढच्या वेळी लवकर आणि जास्त बोलू. पुढच्या वेळी खरंच तसं झालं. त्याच्या पुढच्या वेळी अजून. मी दर वेळी मत देतो. रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो, घरी येतो. माझ्या वर्गातली मुलं विचारतात, सर, दोघांत फरक काय? मी त्यांना चिन्हं सांगतो.

काकू गेल्यावर त्यांच्या मुलाने, आमच्या दादाने, काकांना नागपूरला नेलं. ब्राह्मणपाऱ्यातलं घर विकलं. मितानकाकांनी त्या सभेनंतर कोणाचाच प्रचार पुकारला नाही. मग रेकॉर्डिंगच्या गाड्या आल्या, आणि तसाही त्यांना कोणी बोलावलं नसतं.

परवा त्या दोन गाड्या येऊन गेल्यावर मला घरात बसवेना. गोल बाज़ारातून ऊस घेतला आणि चर्चमागच्या वस्तीत मितानकाकांकडे गेलो. परत येऊन काकांना पत्र लिहिलं. आता त्यांच्याशी फोनवर बोलता येतं, पण हे पत्रातच लिहिण्यासारखं होतं. पाठवलं ते असं:

तीर्थरूप काकांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे दादाकडून कळलं. चष्मा लागेपर्यंत वाचू नका, हे पत्र त्याच्याकडून वाचून घ्या. पण मधला भाग तुम्ही स्वतः वाचावा असं वाटतं, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

इथे धान आलं आहे. तुमच्या घराच्या जागी आता तीन मजले झाले, खाली मोबाइलचं दुकान आहे. मी त्या बाजूने फारसा जात नाही.

काका, मी मितानकाकांना भेटलो. ते थकले आहेत. कानाला कमी ऐकू येतं. भोंगे अजून खाटेखाली आहेत, नातवंडं त्यात तोंड घालून ओरडतात. मला ओळखलं. ऊस पाहून खूश झाले. तुमचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. "तोर काका कइसे हे?" म्हणाले. मी म्हटलं, बरे आहेत, तुमची आठवण काढतात. हे खरं आहे ना काका? मी खरं धरूनच सांगितलं.

मग मी खिशातून फोन काढला आणि म्हटलं, लावून देतो, बोला. नंबर लागतच होता. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाले, "झन लगा. फोन मं पहिली का कहिहंव?" लावू नको, फोनवर आधी काय म्हणू? सीताराम म्हटलं की पुढे मितान म्हणावं लागतं, ते आता म्हणता येत नाही. आणि नाव मी त्यांचं कधी घेतलं नाही, ते या वयात कसं घेऊ?

मी फोन खिशात ठेवला.

तुम्ही मला मायना शिकवला होता. वडिलांना काय, गुरूला काय, मित्राला काय. सगळे मला अजून पाठ आहेत. पण त्या म्हाताऱ्याने तुम्हाला कोणत्या शब्दाने हाक मारावी हे मला सांगता आलं नाही. त्यांनी मला पुन्हा विचारलं, कारण त्यांना वाटलं मी शिकलेला आहे, मला माहीत असेल.

तुम्हाला माहीत असेल तर कळवा. मी जाऊन त्यांना सांगेन.

तुमचा,
वरच्या खोलीतला